लहान मुलांचा रक्ताचा कॅन्सर आणि केमोचे वेगवेगळे मार्ग: मराठवाड्यातल्या पालकांचे वारंवार येणारे प्रश्न

छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, धाराशिव अशा आठही जिल्ह्यांतून आईवडील, मामा, आजोबा जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांच्या पोटात एकच शंका असते: आमच्या लेकराला देतायत ती केमो बरोबर आहे ना, की दुसरीकडे याहून चांगली मिळाली असती? म्हणून तुलनेच्या प्रश्नांना जास्त जागा दिली आहे. डोस ठरवायला मात्र हे पान वापरू नका. तो लेकराची उंची, वजन आणि रिपोर्ट पाहून त्याचे डॉक्टरच ठरवतात.

1. रक्ताचा कॅन्सर तो रक्ताचा कॅन्सर. मग प्रत्येक लेकराला वेगळी केमो कशासाठी?

कारण तो एक आजार नाही. मुलांच्या ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरात, साधारण चारातले तीन किंवा त्याहून थोडे जास्त एएलएल (ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया) असतात आणि उरलेल्यांत बहुतेक एएमएल (ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमिया). रोग कुठल्या पांढऱ्या पेशींतून सुरू झाला त्यावरून एएलएलमध्येही बी-सेल आणि टी-सेल असे प्रकार आहेत. एएलएलचा उपचार दोन-अडीच वर्षं चालतो, पण त्यातला मोठा भाग घरी राहून, ओपीडीत येऊन-जाऊन होतो. एएमएलचा सहा-एक महिन्यांत आटोपतो, मात्र ते महिने जवळजवळ दवाखान्यातच जातात (प्रश्न 16). म्हणून कुणाशी तुलना करण्याआधी फाईलवरचं आजाराचं पूर्ण नाव वाचा. 'ब्लड कॅन्सर' एवढंच लिहिलेलं असेल, तर फ्लो सायटोमेट्रीचा, म्हणजे पेशींचा प्रकार ओळखणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट मागून घ्या.

2. एका महिन्यात रिपोर्ट नॉर्मल आला. मग अडीच वर्षं औषधं का द्यायची?

काळ्या रानातली हरळी वरून उपटली तरी काशा जमिनीत राहतातच, आणि पहिल्या पावसाबरोबर ती पुन्हा वर येते. पहिल्या चार-पाच आठवड्यांच्या केमोनं, म्हणजे इंडक्शननं, एएलएल असलेल्या बहुतेक मुलांच्या बोन मॅरोत (हाडांतल्या मगजात) सूक्ष्मदर्शकाखाली कॅन्सरच्या पेशी दिसेनाशा होतात. म्हणजे रोग आटोक्यात आला, संपला नाही. उपचार तिथेच थांबवले तर तो जवळजवळ हमखास परततो.

त्यापुढे कन्सॉलिडेशन (मिळालेला ताबा पक्का करणारा टप्पा), मग मेथोट्रेक्सेट या औषधावर भर असलेला टप्पा, मग इंडक्शनसारखाच आणखी एक जोरदार टप्पा आणि शेवटी मेंटेनन्सच्या, म्हणजे रोग दबलेला ठेवणाऱ्या, गोळ्या. शाळा, सणवार, भावंडांशी भांडणं, सगळं मेंटेनन्समध्ये पूर्ववत सुरू होतं, आणि उपचार सुटण्याचा धोकाही तिथेच असतो. त्याबद्दल प्रश्न 12 मध्ये.

3. फाईलवर 'बीएफएम' लिहिलंय. दुसऱ्या दवाखान्यात 'आयसीआयसीएलई' म्हणतात, इंटरनेटवर 'सीओजी' आणि 'युकेएएलएल' दिसतं. फरक काय?

आधी थोडा इतिहास, कारण त्यानं बरीच भीती कमी होते. 1947-48 साली बोस्टनला सिडनी फार्बर यांनी ॲमिनोप्टेरिन देऊन मुलांचा ल्युकेमिया पहिल्यांदा काही महिन्यांसाठी मागे हटवला. ते औषध ज्या लेडर्ली कंपनीत तयार झालं, तिथल्या संशोधनाचे प्रमुख आपल्या आंध्रातले येल्लाप्रगडा सुब्बाराव होते. साठच्या दशकात अमेरिकेतल्या सेंट ज्यूड रुग्णालयात डोनाल्ड पिंकेल यांनी अनेक औषधं एकत्र आणि टप्प्याटप्प्यानं द्यायला सुरुवात केली. सत्तरच्या दशकात जर्मनीत हान्सयॉर्ग रीम यांनी त्यात तो दुसरा जोरदार टप्पा घातला. बर्लिन, फ्रँकफर्ट आणि म्युन्स्टर या तीन शहरांवरून त्या पद्धतीला बीएफएम नाव पडलं.

आज जगात चालणारे बहुतेक प्रोटोकॉल, म्हणजे औषधांचे ठरलेले आराखडे, याच सांगाड्यावर उभे आहेत. औषधं तीच: स्टेरॉइड, व्हिन्क्रिस्टिन, ॲस्पॅराजिनेज, डोनोरुबिसिन किंवा डॉक्सोरुबिसिन, सायक्लोफॉस्फमाइड, सायटाराबिन, मेथोट्रेक्सेट, सिक्स-एमपी (मर्कॅप्टोप्युरिन). फरक क्रमात, मात्रेत आणि कुठल्या मुलाला किती जोर लावायचा यात.

बीएफएममध्ये साधारणपणे सगळ्यांना इंडक्शनला चार औषधं असतात. अमेरिकेच्या सीओजी या अभ्यासगटाच्या पद्धतीत कमी धोक्याच्या बी-सेल मुलांना तीनच, म्हणजे डोनोरुबिसिनशिवाय. ब्रिटनची युकेएएलएल पद्धतही अशीच धोका पाहून जोर कमी-जास्त करते. भारतात ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून एमसीपी-841 नावाचा प्रोटोकॉल मोठ्या केंद्रांत चालला. आपल्याकडे झेपेल अशा बेतानं तो आखलेला होता, त्यानं हजारो मुलांना पद्धतशीर उपचार मिळाले, पण त्यात डोक्याला रेडिएशन होतं. पुढे मुंबईच्या टाटा रुग्णालयासह देशातल्या काही मोठ्या केंद्रांनी एकत्र येऊन आयसीआयसीएलई हा अभ्यासगट केला. इथल्या मुलांमध्ये जंतुसंसर्गाचे मृत्यू जास्त होतात हे लक्षात घेऊन त्यांनी धोक्यानुसार उपचार बेतले.

तेव्हा तुमच्या फाईलवर यातलं कुठलंही नाव असलं तरी लेकरू अडगळीतल्या उपचारावर नाही. नाव एकही नसेल आणि 'केमो चालू' एवढंच असेल, तर मात्र विचारा.

4. यातला सगळ्यात भारी कुठला? पैशाची सोय करू, पण स्ट्राँगच द्या.

हा प्रश्न प्रेमापोटी येतो, पण त्याची दिशा चुकते. ब्रिटनमध्ये 2003 पासून झालेल्या मोठ्या अभ्यासात, इंडक्शननंतर ज्यांच्या शरीरात रोग मोजण्याइतकाही उरला नव्हता अशा मुलांना तो नंतरचा जोरदार टप्पा दोनदा न देता एकदाच दिला. निकाल तितकेच चांगले आले. त्याच अभ्यासात ज्यांच्यात रोग शिल्लक होता, त्यांना वाढीव केमोचा फायदा झाला.

म्हणजे ज्याला गरज नाही त्याला जास्त केमो देऊन रोग जास्त मरत नाही, लेकरू मात्र जास्त वेळा तापानं फणफणतं. शिवाय परदेशातले आकडे तिथल्या रक्तपेढ्या, आयसीयू आणि अर्ध्या तासावरच्या दवाखान्यासकट आलेले असतात. तोच प्रोटोकॉल जिथे रात्री प्लेटलेट मिळत नाहीत तिथे दिला तर आकडे तेच राहत नाहीत. आमचं स्पष्ट मत: जो प्रोटोकॉल तुमचा दवाखाना नियमित वापरतो, ज्याचे दुष्परिणाम तिथल्या नर्सला तोंडपाठ आहेत आणि जो तुम्ही शेवटपर्यंत पूर्ण करू शकता, तो कागदावरच्या भारी प्रोटोकॉलपेक्षा चांगला.

5. शेजारच्या बेडवरच्या पोराला 'स्टँडर्ड', आमच्या पोरीला 'हाय रिस्क' म्हणाले. ती वाचणार नाही का?

तसा अर्थ अजिबात नाही. किती जोराची केमो लागेल, त्याची ही वर्गवारी आहे. वय 1 ते 10 च्या मधलं आणि सुरुवातीला पांढऱ्या पेशी 50 हजारांच्या खाली असतील तर धोका कमी धरतात, बाकीच्यांचा जास्त. मग टी-सेल आहे का, मेंदूभोवतीच्या पाण्यात पेशी सापडल्या का, गुणसूत्रांत कुठला बदल आहे, हे पाहतात. बीएफएम पद्धतीत सात दिवस स्टेरॉइड देऊन आठव्या दिवशी रक्तात ब्लास्ट (कॅन्सरच्या कच्च्या पेशी) हजाराच्या खाली आले का, हेही मोजतात.

या सगळ्यांहून वजनदार ठरते ती इंडक्शनच्या शेवटी होणारी एमआरडी (शरीरात उरलेला सूक्ष्म रोग मोजणारी) तपासणी. दहा हजार पेशींत एखादी कॅन्सरची पेशी असली तरी ती पकडते. एमआरडी 0.01 टक्क्याच्या खाली आला तर चांगला. ही तपासणी ठरलेल्या दिवशीच करायची असते. 'दिवाळी झाल्यावर करू' असं तिच्या बाबतीत चालत नाही.

6. एका ठिकाणी प्रेडनिसोलोन देतात, दुसरीकडे डेक्सामेथासोन. चांगलं कुठलं?

डेक्सा मेंदूभोवतीच्या पाण्यात जास्त चांगलं पोहोचतं आणि रोग परतण्याचं प्रमाण कमी करतं. पण त्याची किंमतही मोजावी लागते. जर्मनी, इटली वगैरे देशांनी मिळून केलेल्या अभ्यासात इंडक्शनला डेक्सा घेतलेल्यांत रोग परतण्याचं प्रमाण 10.8 टक्के होतं, प्रेडनिसोलोन घेतलेल्यांत 15.6. त्याच वेळी इंडक्शनमधले मृत्यू डेक्साच्या गटात 2.5 टक्के आणि प्रेडनिसोलोनच्या गटात 0.9 टक्के होते. एकूण किती मुलं वाचली ते पाहिलं तर दोन्ही गट जवळपास सारखेच. स्टेरॉइडला चांगला प्रतिसाद दिलेल्या टी-सेल मुलांना मात्र डेक्साचा ठळक फायदा झाला.

युरोपातल्या वॉर्डात हे मृत्यू 2.5 टक्के असतील, तर आपल्याकडे डॉक्टर डेक्साला का बिचकतात ते समजतं. म्हणून कुठे टी-सेललाच डेक्सा देतात, कुठे कमी दिवस देतात. दहा वर्षांपुढच्या मुलांत डेक्सानं मांडीच्या हाडाचं डोकं झिजू शकतं. उपचारात असलेली मोठी पोरं 'गुडघा दुखतो, खुबा दुखतो' म्हणाली तर डॉक्टरांना सांगा.

7. निदानाआधी गावातल्या डॉक्टरांनी ताप आणि सांधेदुखीसाठी डेक्साचं इंजेक्शन दिलं होतं. हे सांगायचं का?

सांगायचंच. तारीख, किती इंजेक्शनं, घरी दिलेल्या पांढऱ्या बारक्या गोळ्या, सगळं. स्टेरॉइड हे ल्युकेमियाचं पहिलं औषध. ते आधीच पोटात गेलेलं असेल तर पेशी तात्पुरत्या मरतात, लेकरू आठवडाभर टवटवीत दिसतं, बोन मॅरोचा रिपोर्ट संभ्रमात टाकतो आणि धोक्याची वर्गवारी चुकू शकते. अशा मुलांना पुष्कळदा एक पायरी वरचा उपचार द्यावा लागतो. ज्यांनी ते इंजेक्शन दिलं त्यांच्यावर केस करायला कुणी विचारत नाही, ही भीती मनातून काढा.

8. मेथोट्रेक्सेट काहींना दवाखान्यात ठेवून 'हाय डोस' देतात, काहींना थोडं थोडं वाढवत. आमच्याला कमी प्रतीचं मिळतंय का?

नाही. हाय डोसमध्ये चोवीस तास सलाईनमधून मोठी मात्रा जाते. मग रक्तातली पातळी मोजत राहायची आणि ल्युकोव्होरिन देऊन शरीर सावरायचं. पातळी मोजण्याची सोय नसेल तर हे करूच नये, मूत्रपिंड जाऊ शकतं. दुसऱ्या पद्धतीत कमी मात्रेनं सुरुवात करून दर दहा दिवसांनी थोडी वाढवतात. त्यात ल्युकोव्होरिन लागत नाही आणि सोबत ॲस्पॅराजिनेज असतं.

गंमत म्हणजे सीओजीच्या दोन अभ्यासांत निकाल उलटसुलट आले. जास्त धोक्याच्या बी-सेल मुलांत हाय डोस सरस ठरला: पाच वर्षांनी रोगमुक्त राहिलेले 79.6 टक्के, दुसऱ्या पद्धतीत 75.2. टी-सेलमध्ये हळूहळू वाढवण्याची पद्धत पुढे गेली, 91.5 विरुद्ध 85.3. बहुतेकांना तिथे डोक्याचं रेडिएशनही होतं, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा सगळीकडे लावता येत नाही. पण 'हाय म्हणजे भारी' हे गणित इथेच मोडतं.

9. पाठीतून इंजेक्शन देतात तेव्हा लेकरू फार रडतं. ते टाळून डोक्याला शेक दिला तर चालेल का?

कल उलट दिशेला आहे. शिरेतून दिलेली बरीच औषधं मेंदूभोवती पुरेशी पोहोचत नाहीत, म्हणून मेथोट्रेक्सेट मणक्यातून द्यावं लागतं. पूर्वी सरसकट रेडिएशन, म्हणजेच हा शेक, देत. त्यानं वाढ खुंटते, अभ्यासात मूल मागे पडतं आणि पुढे मेंदूत गाठी होण्याचा धोका राहतो. सेंट ज्यूडच्या 2009 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मणक्यातली इंजेक्शनं आणि बाकीची केमो नीट दिल्यास रेडिएशन पूर्ण टाळता येतं हे दिसलं. आता ते मोजक्याच मुलांना देतात. रडण्यावर उपाय म्हणजे भूल. 'झोपवून देता येईल का' हे विचारायला संकोच करू नका. इंजेक्शननंतर लेकराला काही वेळ आडवं ठेवा.

10. मुंबईला न्यावं की इथेच उपचार घ्यावेत?

पहिले पाच आठवडे सगळ्यात धोक्याचे. त्या काळात चार गोष्टी हव्यात: मुलांचा कॅन्सर पाहणारे डॉक्टर, चोवीस तास रक्त आणि प्लेटलेट, आयसीयू, आणि फ्लो, गुणसूत्रं, एमआरडी या तपासण्या पाठवण्याची सोय. संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय, लातूरचं विवेकानंद रुग्णालय, धाराशिव-लातूरकरांना जवळचं बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय, जिथे जाल तिथे या चार गोष्टी एकेक करून विचारा. परळच्या टाटाशिवाय नांदेडकरांना हैदराबाद आणि हिंगोलीकरांना नागपूरही सोयीचं पडतं.

अनेक कुटुंबं मधला मार्ग काढतात: निदान आणि जोराचे टप्पे मोठ्या केंद्रात, मेंटेनन्स आणि दर आठवड्याची सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) घराजवळ. हे चांगलं चालतं, पण दोन्हीकडचे डॉक्टर एकमेकांशी फोनवर बोलले पाहिजेत. निरोप्याचं काम तुमच्यावर पडू देऊ नका. मधल्या टप्प्यात केवळ कुणी सुचवलं म्हणून दवाखाना आणि प्रोटोकॉल बदलू नका. नव्या ठिकाणी आधीचे डोस जुळवताना आठवडे वाया जातात. देवगिरी किंवा नंदीग्रामच्या जनरल डब्यात रक्तातल्या पेशी उतरलेलं लेकरू घेऊन जाऊ नका. प्रवासासाठी सवलत आहे (प्रश्न 11).

11. खर्चाचं काय?

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत मुलांच्या ल्युकेमियाची केमो बसते. आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. अंगीकृत दवाखान्यात आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी भेटा, रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा, आणि पॅकेजमध्ये न बसणारी औषधं कोणती ते लिहून घ्या. उरलेल्यासाठी मुख्यमंत्री सहायता निधी आणि दवाखान्यातला समाजसेवा विभाग. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीला पूर्ण, सोबतच्या एकाला 75 टक्के सवलत मिळते. एसटीतही सवलत आहे. मुंबईत राहण्यासाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि लहान मुलांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूड इंडियाची केंद्रं. नंबर लागायला वेळ जातो, म्हणून चिठ्ठी लवकर घ्या.

सावकाराकडे जाण्याआधी हे सगळं करून पाहा. शेत विकायला काढल्यावर योजनेची माहिती कळणारे फार भेटतात.

12. मेंटेनन्सच्या गोळ्या चालू आहेत. ऊसतोडीला जायचंय, दोन-तीन महिने खंड पडला तर?

नको. रोज सिक्स-एमपी आणि आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, हाच मेंटेनन्सचा कणा. सिक्स-एमपीवरच्या अभ्यासात वीस गोळ्यांमागे एकीपेक्षा जास्त गोळ्या चुकवणाऱ्या मुलांत रोग परतण्याचं प्रमाण दुपटीहून अधिक दिसलं. कारखान्यावर जायचंच असेल तर आधी सांगा. दवाखाना पुरेशा गोळ्या देऊ शकतो, त्या भागात सीबीसी कुठे होईल ते ठरवू शकतो. शक्य असेल तर लेकराला आजीकडे ठेवा, आणि गोळ्या मोजून देण्याचं काम एकाच माणसाकडे द्या.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. चुकून रोज दिली गेली तर तोंड सोलवटतं, पेशी कोसळतात, जीव जाऊ शकतो. पाकिटावर वार लिहा. मेडिकलवाल्यानं 'रक्त वाढायला' दिलेलं फॉलिक ॲसिडचं टॉनिक डॉक्टरांना न विचारता देऊ नका, ते मेथोट्रेक्सेटच्या कामात आड येऊ शकतं.

'दुधासोबत गोळी चालते का' हा वाद जुना आहे. ठरलेल्या वेळी, रोज एकाच पद्धतीनं घ्या. दुधामुळे गोळी चुकत असेल तर दूध दोषी धरण्यापेक्षा गोळी पोटात जाणं महत्त्वाचं.

13. डोस पूर्ण दिला की पेशी इतक्या खाली जातात की गोळी बंद करावी लागते. दुसऱ्या मुलांना तोच डोस चालतो. आमच्यात दोष आहे का?

दोष नाही, शरीराचा स्वभाव आहे. टीपीएमटी आणि एनयूडीटी15 या जनुकांतल्या बदलांमुळे काही मुलांना सिक्स-एमपी कमी सोसतं. एनयूडीटी15 चा बदल युरोपीय लोकांपेक्षा आपल्याकडे जास्त आढळतो. रक्ताच्या एका तपासणीत कळतं, आणि मग अर्धा किंवा त्याहून कमी डोस हाच त्या लेकराचा पूर्ण डोस. त्यानं बरं होण्याची शक्यता कमी होत नाही.

पेशींशी संबंध नसला तरी आणखी एक गोष्ट तपासा. अंगावरच्या गजकर्णासाठी कुणी इट्राकोनाझोल दिलंय का? ते व्हिन्क्रिस्टिनसोबत गेलं तर आतडी थंडावतात, पायातली ताकद जाते, फिट येऊ शकते. त्वचेचे असले उपचार आपल्याकडे सर्रास चालतात, म्हणून मुद्दाम लिहितोय.

14. रात्री दोन वाजता ताप आला. सकाळपर्यंत थांबू का?

थांबायचं नाही. 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त म्हणजे निघायचं. दवाखान्यात पोचल्यावर तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. क्रोसिन देऊन वाट पाहू नका, ताप उतरतो, जंतू नाही. कमरेत इंजेक्शन घेऊ नका. गुदद्वारातून तापमान मोजू नका. जवळच्या तालुक्याच्या दवाखान्यात दाखवण्यासाठी तुमच्या डॉक्टरांकडून एक कागद आधीच लिहून घ्या: 'केमो चालू आहे, ताप आल्यास लगेच हे अँटिबायोटिक'. गाडीवाल्याचा नंबर, थोडे पैसे आणि फाईल एकाच पिशवीत.

स्टेरॉइडवर असलेल्या लेकराला जंतुसंसर्ग झाला तरी ताप येईलच असं नाही. पोट दुखणं, गळून पडणं, हातपाय गार पडणं दिसलं तर तापाची वाट न पाहता निघा. उन्हाळ्यात पाणी टँकरचं असो की बोअरचं, उकळून गार करूनच द्या.

15. सदाफुलीपासून केमोचं औषध बनतं म्हणतात. मग पानांचा रस का नको? गुळवेल, पपईची पानं?

व्हिन्क्रिस्टिन सदाफुलीपासूनच निघतं, हे खरं. शेकडो किलो वाळलेल्या पाल्यातून जेमतेम ग्रॅमभर हाती लागतं, आणि एका मुलाला एका वेळी दोन मिलिग्रॅमच्या पुढे देत नाहीत. पानांत इतर विषारी द्रव्यंही असतात आणि मात्रा कळत नाही, म्हणून रस देणं धोक्याचं. गुळवेलीनं काहींचं यकृत बिघडल्याचं नोंदलं गेलंय. मेथोट्रेक्सेट आणि सिक्स-एमपी दोन्ही यकृतावर भार टाकतात, त्यात ही भर नको. कच्च्या पानांच्या रसातून जंतू जातात. देवाचा अंगारा कपाळाला लावा, पोटात देऊ नका.

घरचं ताजं, शिजवलेलं जेवण द्या. भाकरी, वरण, उकडलेलं अंडं, सोलून खायची मोसंबी-केळी. भावंडांना पोलिओची लस इंजेक्शनची द्या, तोंडातले थेंब नको. घरात किंवा शाळेत कांजिण्या, गोवर निघाला तर त्याच दिवशी फोन करा.

16. आमच्या मुलीला एएमएल आहे. एएलएलवाल्या मुलांसारखं घरी राहून का देत नाहीत?

एएमएलमध्ये सायटाराबिन आणि डोनोरुबिसिनसारख्या औषधांचे चार-पाच जोराचे कोर्स असतात. प्रत्येकानंतर पांढऱ्या पेशी आठवडेच्या आठवडे शून्याजवळ राहतात, आणि बुरशीचा, रक्तातल्या जंतूंचा संसर्ग होतो. मेंटेनन्सचा लांब टप्पा बहुधा नसतो. काही मुलांना बोन मॅरो ट्रान्सप्लांट लागतं. बरं होण्याचं प्रमाण एएलएलपेक्षा कमी आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. इथे मात्र आम्ही स्पष्टच म्हणतो: एएमएलसाठी मोठं केंद्रच गाठा.

17. नेहमीच्या प्रोटोकॉलमध्ये न बसणारी मुलं कोणती?

एपीएमएल हा एएमएलचाच प्रकार, पण उपचार पूर्ण वेगळा: एट्रा नावाच्या गोळ्या आणि आर्सेनिक ट्रायऑक्साइड. सुरुवातीला रक्तस्राव जीवघेणा ठरतो, म्हणून नुसती शंका आली तरी गोळी त्याच दिवशी सुरू करतात. ते पहिले दिवस निभावले की बरं होण्याचं प्रमाण ल्युकेमियातलं सगळ्यात चांगलं.

फिलाडेल्फिया गुणसूत्र (गुणसूत्रांतला एक ठरावीक बदल) असलेल्या एएलएलमध्ये केमोसोबत इमॅटिनिब किंवा डासाटिनिबची रोजची गोळी. डाऊन सिंड्रोमच्या मुलांना मेथोट्रेक्सेट कमी सोसतं आणि जंतुसंसर्ग लवकर होतो, त्यामुळे त्यांचा जोर बेतानंच ठेवतात. एक वर्षाच्या आतल्या बाळांसाठी स्वतंत्र प्रोटोकॉल असतो.

18. मुलाला तीन वर्षं आणि मुलीला दोन, असं का सांगतात?

पूर्वी मुलग्यांत रोग जास्त परतायचा, वृषणातही. म्हणून अमेरिका-ब्रिटनमध्ये त्यांना वर्षभर जास्त मेंटेनन्स देत. नव्या अभ्यासांत दोघांना सारखाच काळ देतात. बीएफएममध्ये तर बरीच वर्षं एकूण 104 आठवडेच धरतात. तुमच्या दवाखान्यात जे ठरलंय ते पूर्ण करा.

19. स्वस्त कंपनीचं औषध चालेल का?

बहुतेक औषधं जेनेरिक चालतात. ॲस्पॅराजिनेजच्या बाबतीत मात्र सावध राहा. काही ब्रँडची ताकद अपेक्षेपेक्षा कमी भरल्याचं भारतातल्या अभ्यासांत दिसलं आहे. दवाखाना सांगेल तेच घ्या आणि बर्फाच्या पेटीतूनच आणा. ॲस्पॅराजिनेजनंतर पोटात जोराची कळ, डोकेदुखी किंवा अंगावर गांधी उठल्या तर लगेच कळवा.

20. रोग परत आला तर सगळं संपलं का? ब्लिनाटुमोमॅब, कार-टी मिळेल का?

कधी परतला यावर बरंच अवलंबून आहे. उपचार संपून सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ गेल्यावर परतलेला बी-सेल एएलएल पुष्कळदा पुन्हा केमोनंच बरा होतो. उपचार चालू असतानाच परतला तर ट्रान्सप्लांटचा विचार लागतो.

ब्लिनाटुमोमॅब ही केमो नाही, शरीराच्याच रोगप्रतिकारक पेशींना कॅन्सरच्या पेशींशी भिडवणारं औषध आहे. ते अठ्ठावीस दिवस सलग पंपातून देतात. डिसेंबर 2024 मध्ये जाहीर झालेल्या अभ्यासात, मध्यम धोक्याच्या बी-सेल मुलांना केमोसोबत ते दिल्यावर तीन वर्षांनी रोगमुक्त राहिलेले 96 टक्के, नुसत्या केमोवर 87.9. हा फरक मोठा आहे, किंमतही तशीच. आयआयटी मुंबई आणि टाटा यांच्या कामातून आलेल्या भारतीय कार-टीला (रुग्णाच्याच टी-पेशी प्रयोगशाळेत बदलून परत देण्याचा उपचार) 2023 मध्ये मान्यता मिळाली, ती 15 वर्षं आणि त्यापुढच्या, इतर उपचारांना दाद न देणाऱ्या रुग्णांसाठी. ही दोन्ही केमोच्या जागी सुरुवातीलाच मागायची औषधं नव्हेत.

21. उपचार संपला. आता फाईल किती दिवस सांभाळायची?

आयुष्यभर. तिच्यात डोनोरुबिसिन-डॉक्सोरुबिसिनचा एकूण डोस लिहिलेला असतो, आणि हृदयाची इको किती वर्षांनी करायची ते त्यावरून ठरतं. रेडिएशन झालं असेल तर थायरॉइड, उंची आणि अभ्यासावर लक्ष ठेवावं लागतं. पहिली दोन वर्षं तपासणीला ठरल्याप्रमाणे जा, कारण रोग परतायचा तर बहुधा याच काळात. मुलगी मोठी झाल्यावर गरोदरपणात डॉक्टरांना हीच फाईल दाखवायची. प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढून घरातल्या दोघांकडे ठेवा, आणि मूळ फाईल पावसाळ्यात ओल लागणार नाही अशा प्लास्टिकच्या पिशवीत.